फेरो, फेर्रे, तुली, लातुम : विक्शनरीवरील एका लॅटिन क्रियापदाच्या पानाचे परीक्षण

लॅटिन शिकू लागलेल्या माणसाची वाट पहिल्या काही महिन्यांतच एक क्रियापद अडवते, आणि ते म्हणजे ‘फेरो’, अर्थात ‘मी वाहून नेतो’. कोणत्याही लॅटिन कोशात हे क्रियापद चार रूपांनी नोंदवलेले असते : फेरो, फेर्रे, तुली, लातुम. पहिले रूप वर्तमानकाळ प्रथमपुरुषी एकवचनाचे, दुसरे ‘वाहणे’ अशा अर्थाचे भाववाचक, तिसरे पूर्ण भूतकाळाचे आणि चौथे ते, ज्यावरून ‘वाहिलेला’ यासारखी धातुसाधिते बनतात. पहिल्या दोन रूपांचे नाते उघड दिसते. तिसऱ्याचे त्यांच्याशी एकही व्यंजन जुळत नाही, आणि चौथे तिसऱ्यालाही ओळख देत नाही. ही चार रूपे एका क्रियापदाची कशी, याचे उत्तर मी अनेक ठिकाणी शोधले आणि शेवटी इंग्रजी विक्शनरीवरील ‘फेरो’च्या पानावर स्थिरावलो. गेले वर्षभर ते पान मी जवळजवळ रोज उघडत आहे. प्रस्तुत परीक्षण त्या एका पानाचे आहे. संपूर्ण कोश सोडून एकाच पानाचे परीक्षण करण्याचे कारण इतकेच, की नियमित क्रियापदाची रूपे कोणताही कोश नीट देतो. कोशाची खरी पारख करायची तर त्याच्याकडे फेरोसारखे वाकडे क्रियापद घेऊन जावे लागते.

विक्शनरी हा विकिपीडियाच्याच कुटुंबातील मुक्त कोश आहे. तो १२ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाला. वापरण्यास शुल्क नाही, जाहिराती नाहीत, आणि प्रत्येक पानात कोणी, केव्हा, काय बदलले याचा इतिहास पाहता येतो. मराठी विक्शनरीही अस्तित्वात आहे. परंतु लॅटिन क्रियापदांची उत्पत्ती व संपूर्ण रूपे हवी असतील तर आज इंग्रजी आवृत्तीकडेच जावे लागते, आणि म्हणून या परीक्षणात ‘विक्शनरी’ म्हणजे इंग्रजी विक्शनरी असे समजावे.

पानावर पोहोचताना नवख्या वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. विक्शनरीत एका अक्षररचनेसाठी एकच पान असते, आणि त्यावर ज्या ज्या भाषेत ती अक्षररचना शब्द म्हणून आढळते त्या सर्व भाषा एकाखाली एक मांडलेल्या असतात. त्यामुळे ‘फेरो’ शोधणाऱ्याला त्याच पानावर एस्पेरांतो भाषेतील ‘लोखंड’ या अर्थाचा शब्दही भेटतो. लॅटिन विभागातसुद्धा ‘रानटी’ या अर्थाच्या ‘फेरुस’ या विशेषणाचे एक विभक्तिरूप याच अक्षरांत लिहिले जाते, म्हणून क्रियापदाची नोंद कोणती हे पाहून घ्यावे लागते. शिवाय पानाच्या शीर्षकात स्वरांवरील दीर्घत्वाची रेघ नसते. ती आतील नोंदीत दिलेली असते. ही रेघ क्षुल्लक समजू नये. ‘लातुस’ म्हणजे वाहिलेला, दुसरा ‘लातुस’ म्हणजे रुंद, आणि पहिला स्वर ऱ्हस्व असलेला ‘लतुस’ म्हणजे बाजू. हे तिन्ही शब्द विक्शनरीत एकाच शीर्षकाखाली येतात. आपण देवनागरीत लिहिणारे लोक ‘अ’ आणि ‘आ’ यांना जन्मतःच वेगळे मानतो, त्यामुळे आपल्याला ही रेघ इंग्रजीच्या वाटेने लॅटिन शिकणाऱ्यापेक्षा लवकर दिसते आणि लवकर पटते. अर्थात ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व-दीर्घ देवनागरीत वेगळे लिहिता येत नाही, आणि तिथे मात्र पानावरील रेघेवरच विसंबावे लागते.

आता उत्पत्तीचा भाग. मराठी वाचकाने हे पान का उघडावे याचे माझे उत्तर या भागातच आहे. विक्शनरी फेरोचा प्रवास मागे मागे नेत आधी आद्य-इटालिक भाषेतील रूपापर्यंत आणि तिथून आद्य-इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, ग्रीक, फारसी यांची अनुमानित पूर्वज असलेल्या भाषेतील, ‘भेर्’ या धातूपर्यंत पोहोचवते, आणि सजातीय शब्दांत संस्कृतातील ‘भरति’ देवनागरी अक्षरांत देते. इंग्रजी स्पष्टीकरणाच्या मधोमध आपल्या लिपीतला आणि आपल्या अर्थाचा तो शब्द पाहून मी प्रथम थबकलो होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. शब्दाच्या आरंभी असलेला मूळ ‘भ’ लॅटिनमध्ये ‘फ’ झाला, हा नियम एकदा हाती आला की संस्कृतातील ‘भ्राता’ समोर लॅटिनचा ‘फ्रातेर’, ‘अभूत्’ समोर ‘फुइत’ आणि ‘भर्’ समोर ‘फेर्’ आपोआप येऊन उभे राहतात. संस्कृत धातुपाठात, म्हणजे धातूंच्या पारंपरिक यादीत, या धातूच्या दोन नोंदी आहेत : पहिल्या गणातला, ज्याचे रूप ‘भरति’, आणि तिसऱ्या गणातला ‘डुभृञ् धारणपोषणयोः’, ज्याचे रूप ‘बिभर्ति’. धारण आणि पोषण हे दोन्ही अर्थ लॅटिन फेरोतही आहेत, कारण तेथे जमीन पीक ‘फेर्त’, म्हणजे धारण करते, देते. सुपीक या अर्थाचा ‘फेर्तिलिस’ हा शब्द त्यावरूनच निघाला, आणि आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेले ‘फर्टिलायझर’ हे त्याच शब्दाचे दूरचे अपत्य आहे. भार, भारा, भरणे, भर्ता, भार्या, भृत्य, आभार, संभार हे आपले शब्द याच धातूचे. फारसीतही तोच धातू ‘बुर्दन’ या क्रियापदात जिवंत आहे, आणि ‘पैगाम’ वाहून आणणारा तो ‘पैगंबर’, यातील ‘बर’ म्हणजे हाच आपला ‘भर’.

परंतु एवढ्याने केवळ फेरो आणि फेर्रे यांचा उलगडा होतो. तुली आणि लातुम यांचे मूळ दुसऱ्याच धातूत आहे, आणि तो धातूदेखील आपल्या घरातलाच निघतो, हा या पानाने मला दिलेला सर्वांत मोठा आनंद. ‘उचलणे, पेलणे’ या अर्थाचा आद्य-इंडो-युरोपीय ‘तेल्’ हा तो धातू. संस्कृतात त्याचे ‘तुला’ आणि ‘तुल उन्माने’ असा धातुपाठात नोंदलेला तुल् धातू, मराठीत तोल, तोलणे, तुलना, तुल्य, आणि सोनाराच्या दुकानातला तोळा. ग्रीकमध्ये तराजू आणि वजन या अर्थी ‘तालान्तोन’ हा शब्द याच मुळाचा, आणि त्याचेच लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘टॅलेंट’ झाले. यंत्रशाळेतले कामगार ज्याला ‘टॉलरन्स’ म्हणतात तोही लॅटिनमधील ‘तोलेरारे’, म्हणजे सोसणे, पेलून धरणे, या सख्ख्या भावंडावरून आलेला. तुली हे मुळात ‘तोल्लो’, म्हणजे ‘मी उचलतो’, या वेगळ्या क्रियापदाचे पूर्ण भूतकाळाचे रूप होते. फेरोला स्वतःचे पूर्ण भूत नसल्याने त्याने ते शेजाऱ्याकडून घेतले, आणि मग तोल्लोला स्वतःसाठी उपसर्ग लावलेली ‘सुस्तुली’ आणि ‘सुब्लातुम’ ही रूपे वापरावी लागली. उरला लातुम. त्याचे जुने रूप ‘त्लातुम’. आरंभीचे ‘त्ल’ हे जोडाक्षर लॅटिन जिभेला मानवले नाही, ‘त’ गळून पडला आणि ‘ल’ राहिला. ग्रीकमधील ‘त्लेतोस’, म्हणजे सोसलेला, या शब्दात तो ‘त’ अजून शाबूत आहे. अशा रीतीने तुली आणि लातुम ही एकमेकांना अनोळखी वाटणारी रूपे एकाच धातूची ठरतात.

दोन धातूंनी मिळून एक क्रियापद चालवावे यात मराठी माणसाला परके वाटावे असे काही नाही. आपण ‘जातो’ म्हणतो आणि भूतकाळात ‘गेला’ म्हणतो. पहिला शब्द संस्कृत ‘या’ धातूपासून आला आणि दुसरा ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून, आणि तरीही मराठी मूल ‘जाला’ असे फार दिवस म्हणत राहत नाही. लॅटिन शिकवणारी पुस्तके फेरोला अनियमित म्हणून बाजूला काढतात, ते शिकवण्याच्या सोयीचे असेल. आपल्या विद्यार्थ्याला मात्र ‘जातो-गेला’ हे उदाहरण प्रथम द्यावे आणि मग ‘फेरो-तुली’ समोर ठेवावे, म्हणजे त्याची भीती जाते.

लॅटिन आणि आपल्या भाषा यांच्यातले हे साम्य प्रथम जाणवलेल्या युरोपीय माणसांपैकी एक जण मराठी साहित्याच्या इतिहासातला आहे, याची येथे आठवण करून द्यायला हवी. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, त्याने इथली भाषा आत्मसात केली आणि पुढे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य रचले, जे १६१६ साली राचोल येथे छापले गेले. याच स्टीफन्सने १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले होते. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ साली संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाचा विचार मांडला, त्याच्या दोन शतके आधीचे हे निरीक्षण आहे. पुढे १८१६ साली फ्रान्त्स बॉप यांनी संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांतील क्रियापदांच्या रूपांची पद्धतशीर तुलना प्रसिद्ध केली आणि तुलनात्मक व्याकरणाला शास्त्राचे रूप आले. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच क्रियापदाच्या रूपांपासून झाली. विक्शनरीच्या उत्पत्तिविभागातील दोन-चार ओळींमागे एवढा मोठा इतिहास उभा आहे.

रूपांचा तक्ता पानावर मिटलेल्या अवस्थेत असतो. तो उघडावा लागतो. उघडल्यावर निश्चितार्थ, संशयार्थ आणि आज्ञार्थ, कर्तरी आणि कर्मणी, सहा काळ, तीन पुरुष, दोन वचने, नंतर भाववाचके, धातुसाधिते आणि क्रियार्थक नामे अशी सगळी रूपे एका दृष्टिक्षेपात मांडलेली दिसतात. शाळेत संस्कृतची धातुरूपावली पाठ केलेल्या माणसाला तक्त्याची रचना लगेच कळते, पण दोन फरक ध्यानात घ्यावे लागतात. संस्कृत परंपरा ‘तो’पासून सुरुवात करते आणि ‘मी’वर संपते; लॅटिन परंपरा ‘मी’पासून सुरू होते. आणि लॅटिनच्या क्रियापदात द्विवचन नाही, त्यामुळे नऊऐवजी सहा घरे. एवढे सांभाळले की वर्तमानकाळ शेजारी शेजारी मांडून पाहावा : फेरो-भरामि, फेर्स-भरसि, फेर्त-भरति, फेरिमुस-भरामः, फेर्तिस-भरथ, फेरुन्त-भरन्ति. मी ही सहा जोड्यांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे, आणि लॅटिन शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्कृतच्या विद्यार्थ्याने ती लिहून ठेवावी असे मला मनापासून वाटते.

या यादीत एक खटकणारी जागा आहे. भरसि आणि भरति यांत धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये ‘अ’ आहे. फेर्स आणि फेर्त यांत मध्ये काहीच नाही. फेरो लॅटिनच्या ज्या तिसऱ्या गणाच्या जवळ ठेवले जाते त्या गणातील नियमित क्रियापदांत या ठिकाणी ‘इ’ असतो. ‘रेगो’ म्हणजे मी राज्य करतो, त्याचे ‘रेगिस’, ‘रेगित’. मग फेरोचे ‘फेरिस’, ‘फेरित’ का नाही? काही अभ्यासक म्हणतात की मधला स्वर होता, पण झिजून गेला. काही म्हणतात की हा धातू मुळात मधल्या स्वराशिवायही चालत होता, आणि त्यांच्या बाजूने ऋग्वेदातील ‘भर्ति’ हे रूप साक्ष देते. मला स्वतःला दुसरे मत अधिक आकर्षक वाटते, कारण त्यात वैदिक भाषेतील एक दुर्मीळ रूप आणि रोजच्या वापरातील लॅटिन रूप एकमेकांना आधार देतात. तथापि वाद मिटलेला नाही, आणि तक्ता वाचून तो मिटणारही नाही. तक्त्याने रूप द्यावे, कारण इतरत्र शोधावे, अशी ही वाटणी आहे.

या एका स्वराचे महत्त्व मला एका सशुल्क अ‍ॅपमुळे कळले, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. त्याच्या सरावप्रश्नांत फेरोची रूपे नियमित तिसऱ्या गणाप्रमाणे यंत्रवत तयार केलेली होती, आणि ‘तू वाहतोस’ यासाठी ‘फेरिस’ हे उत्तर बरोबर धरले जात होते. मी आठवडाभर तेच घोकले. नंतर विक्शनरीत पाहिले तेव्हा लक्षात आले, की शेवटचा ‘इ’ दीर्घ धरला तर ‘फेरीस’ हे लॅटिनमध्ये खरेच एक रूप आहे, पण ते ‘फेरिओ’ या वेगळ्या क्रियापदाचे, आणि त्याचा अर्थ ‘तू मारतोस’ असा होतो. विक्शनरीत प्रत्येक रूपाला स्वतःचे पान असल्यामुळे ही चूक दोन मिनिटांत उघड झाली. हे वैशिष्ट्य मी फार मोलाचे मानतो. एखादा मजकूर वाचताना ‘तुलित’ भेटले आणि ते कोणाचे रूप हे ठाऊक नसले, तरी ‘तुलित’ जसेच्या तसे शोधावे. ते फेरोच्या पूर्ण भूतकाळाचे तृतीयपुरुषी एकवचन आहे असे पान सांगते आणि मूळ नोंदीकडे नेते. छापील कोशात तुली कोठे शोधायचे हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच ते सापडते.

तक्ता नीट वाचण्याची सवय लागली की त्यातून आणखी गोष्टी निघतात. ‘फेरम’ हे एकच रूप दोन घरांत दिसेल : भविष्यकाळात ‘मी वाहीन’, आणि संशयार्थी वर्तमानात ‘मी वाहावे’. पुढच्या घरात मात्र वाटा फुटतात, भविष्यात ‘फेरेस’ आणि संशयार्थात ‘फेरास’. म्हणून ‘मी’चे रूप सुटे भेटले तर अर्थ वाक्यावरूनच ठरतो. ‘फेर्रे’च्या शेवटी ‘म’ जोडला की संशयार्थी अपूर्ण भूत ‘फेर्रेम’ मिळते, आणि हा उपाय लॅटिनच्या जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला लागू पडतो. फेर्रेमधला दुहेरी ‘र’ हा मुळात ‘फेर्-से’ असा होता. भाववाचकाचा प्रत्यय ‘से’, तो ‘एस्से’ म्हणजे ‘असणे’ या क्रियापदात जसाच्या तसा दिसतो, आणि इतरत्र दोन स्वरांमध्ये सापडल्यावर ‘रे’ होतो. ‘निस्’ आणि ‘अंतर’ मिळून ‘निरंतर’ होते, ‘दुस्’ आणि ‘आचार’ मिळून ‘दुराचार’ होतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘स’चा ‘र’ होण्याचे आश्चर्य वाटू नये. कर्मणी रूपांत शेवटी ‘र’ येतो : फेरोर, फेर्तुर, फेरुन्तुर. याला संस्कृतच्या कर्मणीत जोड नाही, तिथे ‘भ्रियते’ अशी वेगळीच घडण आहे. तेव्हा साम्याच्या आनंदात इथे ओढाताण करू नये. आज्ञार्थी एकवचन नुसते ‘फेर’, आणि अनेकवचन ‘फेर्ते’.

आता ज्या भागात हे क्रियापद सर्वांत श्रीमंत आहे त्याकडे येतो, तो म्हणजे उपसर्गयुक्त रूपे. विक्शनरीच्या पानावर त्यांची यादी आहे आणि प्रत्येकाला स्वतंत्र पान व स्वतंत्र तक्ता आहे. यादी वाचताना मराठी वाचकाने संधीचे नियम मनात जागे ठेवावेत. ‘अद्’ आणि फेरो मिळून ‘अफ्फेरो’, पूर्ण भूतात ‘अत्तुली’, आणि चौथ्या रूपात ‘अल्लातुम’. ‘तत्’ आणि ‘लीन’ मिळून ‘तल्लीन’, ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, तोच न्याय अल्लातुमला लागला आहे. ‘कोम्’ या उपसर्गाचे ‘कोन्फेरो, कोन्तुली, कोल्लातुम’. ‘एक्स’चे ‘एफ्फेरो, एक्स्तुली, एलातुम’. ‘ओब्’चे ‘ओफ्फेरो, ओब्तुली, ओब्लातुम’. आणि ‘आउफेरो, अब्स्तुली, अब्लातुम’ यात तर उपसर्ग तीन वेषांत येतो, आणि त्यांतला ‘आउ’ हा मुळात ‘अब्’हून वेगळा उपसर्ग आहे. या सगळ्यांत माझे आवडते रूप म्हणजे ‘रेफेरो’चे पूर्ण भूत ‘रेत्तुली’. यात ‘त’ दोनदा का? कारण तुलीचे जुने रूप ‘तेतुली’ असे होते, आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत होऊन गेलेला नाटककार प्लाउटुस ते वापरतो. धातूचे पहिले अक्षर दोनदा उच्चारून पूर्ण भूतकाळ करायचा ही आपल्या ‘चकार’, ‘जगाम’, ‘बभार’ यांचीच रीत. साध्या तुलीतून ती पुनरुक्ती निघून गेली, परंतु ‘रे-तेतुली’ आखडून रेत्तुली झाले तेव्हा मधला स्वर गळला आणि दोन्ही ‘त’ मागे राहिले. एका जोडाक्षरात लॅटिनचा जुना लिट् लकार, म्हणजे असा पुनरुक्तीचा भूतकाळ, जपून ठेवलेला आहे.

आपण रोज बोलतो त्या मराठीत इंग्रजीवाटे आलेल्या शब्दांचा उलगडाही याच यादीतून होतो. फेरो आणि लातुम या दोन टोकांवरून इंग्रजीने वेगवेगळे शब्द उचलले, आणि ते एकाच क्रियापदाचे आहेत हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सरकारी नोकराची ‘ट्रान्सफर’ आणि पुस्तकाचे ‘ट्रान्सलेशन’ हे दोन्ही ‘त्रान्स्फेरो, त्रान्स्तुली, त्रान्स्लातुम’ या एकाच क्रियापदाचे. पलीकडे वाहून नेणे हा दोन्हींचा अर्थ. ‘रेफरन्स’ आणि ‘रिलेशन’ एकाच घरचे. ऑफर, कॉन्फरन्स, प्रेफरन्स, डिफरन्स हे फेरोच्या बाजूचे. संशोधनपर लेखांच्या तळटीपांत ‘सीएफ’ अशी जी इंग्रजी खूण असते, ती ‘कोन्फेर’ म्हणजे ‘पडताळून पाहा’ या आज्ञार्थाचे संक्षिप्त रूप आहे. आणि लॅटिन व्याकरणात आपल्या पंचमीच्या जवळ जाणारी जी ‘अब्लातिव्ह’ विभक्ती आहे, तिचे नावच अब्लातुमवरून, म्हणजे ‘दूर नेलेले’ यावरून पडले; आपल्या वैयाकरणांनी याच अर्थासाठी ‘अपादान’ हा शब्द निवडला होता.

अर्थाच्या बाबतीत मात्र विक्शनरीचे पान एकट्याने पुरत नाही, आणि परीक्षण प्रामाणिक असायचे तर हे स्पष्ट लिहिले पाहिजे. नेणे, आणणे, पेलणे, सोसणे, पीक देणे, रस्त्याने एखाद्या गावाकडे नेणे, कायदा मांडणे, असे फेरोचे अर्थ दूरवर पसरलेले आहेत. मराठीत नेणे आणि आणणे ही दोन क्रियापदे बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतात, लॅटिनमध्ये फेरो दोन्ही करते. त्यामुळे भाषांतर करताना प्रत्येक वेळी कोण कोठे उभा आहे हे ठरवावे लागते. ‘फेरुन्त’ हे रूप वाक्याच्या आरंभी एकटेच आले तर त्याचा अर्थ ‘ते वाहतात’ असा नसून ‘लोक म्हणतात’ असा असू शकतो. गोष्ट तोंडोतोंडी वाहत येते, ही त्यामागची कल्पना. अशा छटा उदाहरणांवाचून मनात बसत नाहीत, आणि कोणत्या लेखकाने कोठे काय वापरले याची भरपूर उदाहरणे हवी असतील तर लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९ सालचा लॅटिन कोश पाहावा. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस या संकेतस्थळावर तो विनामूल्य उपलब्ध आहे, आणि त्यातील फेरोची नोंद अनेक पाने भरेल एवढी आहे. त्या कोशातही संस्कृत ‘भर्’चा उल्लेख आहेच; मात्र उत्पत्तीचे शास्त्र त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे पुढे गेलेले आहे, म्हणून अर्थासाठी तो कोश आणि उत्पत्तीसाठी विक्शनरी अशी विभागणी मी केली आहे. विक्शनरीवर कोणीही लिहू शकते, ही तिची ताकद आहे आणि जोखीमही; उत्पत्तीच्या भागाखाली संदर्भग्रंथ दिलेले आहेत का, हे दर वेळी पाहून घ्यावे, आणि जिथे ते नसतील तिथे ते विधान तात्पुरते समजावे.

उच्चारासाठी पान दोन पद्धती देते, प्राचीन रोममधील आणि चर्चमधील. आपल्याकडे लॅटिन ऐकले गेले ते मुख्यतः दुसऱ्या पद्धतीने. गोव्यात आणि वसईत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे, आणि तिच्यातील ‘आग्नुस देई’ या प्रार्थनेत ‘क्वी तोल्लिस पेक्काता मुन्दी’ हे शब्द प्रत्येक वेळी म्हटले जात : जगाची पापे तू उचलून नेतोस. त्यातला ‘तोल्लिस’ म्हणजे ज्याने फेरोला आपले तुली दिले तोच तोल्लो. आपल्या ‘तोलणे’चा हा सख्खा नातेवाईक आगरी, कोळी आणि कुपारी ख्रिस्ती घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या कानांवरून पिढ्यान्‌पिढ्या गेला आहे.

रोमनंतर फेरोचे काय झाले, हेही जाणून घेण्यासारखे आहे. साधे, उपसर्गाविना असलेले फेरो लोकांच्या बोलीतून मागे पडले. लोकांनी त्याऐवजी ‘पोर्तारे’ हे सरळ, नियमित क्रियापद उचलले, आणि त्यावरून इटालियनमध्ये ‘पोर्तारे’ व फ्रेंचमध्ये ‘पोर्ते’ झाले. स्पॅनिशमध्ये ‘उचलणे’ या अर्थाच्या ‘लेवारे’वरून ‘ल्येवार’ आले. दोन धातूंची तीन रूपे लक्षात ठेवण्यापेक्षा एका धातूचे क्रियापद चालवणे बोलणाऱ्यांना सोपे गेले असावे. उपसर्ग लावलेली रूपे मात्र टिकली : फ्रेंचमध्ये ‘ओफ्रीर’ आणि ‘सूफ्रीर’, स्पॅनिशमध्ये ‘सुफ्रीर’.

संस्कृतची थोडीफार पार्श्वभूमी असलेल्या आणि लॅटिन शिकू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला मी हे पान निःशंकपणे सुचवेन. संस्कृत अजिबात न शिकलेल्यालाही ते उपयोगी पडेल, फक्त त्याने उत्पत्तीच्या भागाकडे तक्त्यानंतर वळावे. सुरुवातीलाच संपूर्ण तक्ता पाठ करण्याच्या भरीस पडू नये. पहिल्या दिवशी वर्तमानकाळाची सहा रूपे भरामि-भरसिच्या शेजारी मोठ्याने म्हणावीत, दुसऱ्या दिवशी तुलीची सहा रूपे म्हणावीत, आणि तिसऱ्या दिवशी अफ्फेरो, आउफेरो, कोन्फेरो, ओफ्फेरो, रेफेरो आणि त्रान्स्फेरो यांची चार चार रूपे संधी सोडवून वहीत लिहावीत. कर्मणीची ओळ उघडायला चौथा दिवस पुरेसा लवकर आहे.